तडा रूटमध्ये, कारण तारेच्या भोकात: टर्बाइनच्या पात्यांचे घर्षण-अवमंदन कसे तपासावे

तक्रार साधारण अशी असते. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरणारे कंडेन्सिंग स्टीम टर्बाइन ओव्हरहॉलसाठी उघडले जाते. लो प्रेशर बाजूच्या मागच्या टप्प्यांपैकी एका टप्प्यात एक-दोन पात्यांच्या फर-ट्री रूटवर, म्हणजे रोटरच्या खाचेत अडकणाऱ्या दातेरी बुडख्यावर, सर्वांत वरच्या दाताच्या कडेला, तडा सापडतो. पाती बदलली जातात, रोटर बॅलन्स होतो, मशीन ठरल्या तारखेला चालू होते, आणि पुढच्या ओव्हरहॉलला तडा त्याच टप्प्यात, त्याच दातावर, फार तर शेजारच्या खाचेत पुन्हा हजर असतो. मधल्या काळात बेअरिंगवरील कंपनांचे आकडे इतके शांत राहतात की कंट्रोल रूममध्ये कोणाला शंका येण्याचे कारणच नसते. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका कारखान्यात, जिथे कंडेन्सरलाही खाडीचेच पाणी लागते, हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. प्रत्येक वेळी दोष पात्याच्या धातूवर किंवा ते पुरवणाऱ्यावर ढकलला जात होता, आणि धातूच्या चाचणीचा अहवाल मात्र प्रत्येक वेळी निर्दोष येत होता.

बेअरिंगचे आकडे शांत असणे हा येथे पुरावा धरता येत नाही. बेअरिंगजवळचा प्रोब शाफ्टची हालचाल मोजतो. एकटे पाते आपल्या रूटवर कितीही थरथरले तरी ती थरथर शाफ्टपर्यंत जवळजवळ पोहोचत नाही, आणि पोहोचते तेव्हा पात्याचा तुकडा निघून असमतोल निर्माण झालेला असतो. पात्याची थरथर चालू मशीनवर पाहायची तर टोकाजवळ सेन्सर बसवून प्रत्येक पात्याच्या येण्याची वेळ मोजणारी टिप टायमिंगची व्यवस्था लागते. मध्यम आकाराच्या कारखान्यांत ती सहसा नसते. त्यामुळे जे काही निदान करायचे ते मशीन उघडल्यावर, सांध्यांवर उमटलेल्या खुणांवरूनच करावे लागते, आणि या लेखाचा विषय तेवढाच आहे.

पाते कशामुळे आवरले जाते

पात्यावर वाफेचे धक्के सतत बसत असतात. कधी ते फेऱ्यांच्या पटीत येतात, म्हणजे ५०, १००, १५० हर्ट्झ असे, तर कधी समोरच्या नोझलांच्या संख्येने गुणलेल्या वारंवारतेने येतात. पात्याची स्वतःची नैसर्गिक वारंवारता यांपैकी एकीशी जुळली की अनुनाद होतो. ही जुळणी कागदावर आधीच पाहण्याची रीत विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी जनरल इलेक्ट्रिकमधील डिस्कच्या कंपनांवरील १९२४ च्या निबंधातून रूढ केली, आणि आजही प्रत्येक टर्बाइनच्या कागदपत्रांत कॅम्पबेल आकृती असते. आकृतीवरून अनुनाद कोठे होईल ते कळते. झालाच तर तो किती वाढेल हे मात्र अवमंदनावर, म्हणजे कंपनाची ऊर्जा खाऊन टाकण्याच्या क्षमतेवर (डॅम्पिंगवर) ठरते, आणि अवमंदन त्या आकृतीत दिसत नाही.

पोलादाचे अंगचे अवमंदन फारच थोडे असते. पात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या १२ टक्के क्रोमियमच्या पोलादात चुंबकीय गुणधर्मांमुळे ते इतर पोलादांपेक्षा जरा बरे असते, पण पाते फिरू लागून ताणले गेले की तेही घटते. वाफेकडून काही मिळते. उरलेला भार घर्षणावर असतो: रूटच्या दातांमध्ये, श्राउडच्या (पात्यांच्या टोकांवरील पट्टीच्या) कडांमध्ये, आणि पात्यांच्या भोकांतून ओवलेल्या सैल लेसिंग वायरमध्ये.

यापैकी रूटवर फारसे विसंबता येत नाही. दीड किलोचे पाते, त्याचा गुरुत्वमध्य ०.६ मीटर त्रिज्येवर, वेग मिनिटाला ३००० फेरे असे धरले तर अपकेंद्री बल सुमारे ८९ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ मानाने नऊ टन भरते. नऊ टनांच्या ओढीने दात खाचेवर दाबले गेले की ते सरकत नाहीत. सरकतात त्या फक्त संपर्काच्या कडा, त्याही काही मायक्रॉन. मशीन सावकाश फिरत असताना रूटमधून मिळणारे भरपूर अवमंदन पूर्ण वेगावर जवळजवळ नाहीसे होते ते यामुळेच. रोटर उभा असताना पात्याला हातोडीने टिचकी मारून मिळालेला अवमंदनाचा आकडा चालत्या मशीनला लावू नये, असे मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगतो, आणि तरीही तो आकडा अहवालात सापडतो.

म्हणून पूर्ण वेगावर पाते आवरण्याचे काम लेसिंग वायर करते. तार भोकात सैल असते, फिरताना ती बाहेरच्या बाजूला दाबली जाते, आणि पाते थरथरले की भोकाच्या भिंतीवर घासून ऊर्जा खाते. गॅस टर्बाइनमध्ये हेच काम पात्याच्या प्लॅटफॉर्मखाली (रूटच्या वरच्या आडव्या पट्टीखाली) ठेवलेले छोटे धातूचे तुकडे करतात. त्यांना डॅम्पर म्हणतात, आणि तेही अपकेंद्री बलानेच वर दाबले जातात.

थोडे गणित, कारण सगळा घोळ येथे आहे

सहा मिलिमीटर व्यासाची पोलादी तार घ्या. दोन पात्यांमधले अंतर ५० मिलिमीटर असेल तर एका पात्याच्या वाट्याला सुमारे ११ ग्रॅम तार येते. ०.६ मीटर त्रिज्येवर आणि ३००० फेऱ्यांवर ही ११ ग्रॅम तार भोकाच्या भिंतीवर सुमारे ६५० न्यूटनने दाबते. घर्षणांक ०.३ धरला तर तार सरकण्यासाठी जवळपास २०० न्यूटनची ओढ लागते. त्या संपर्काची स्पर्शरेषेतील ताठरता प्रत्येक मायक्रॉनला १० न्यूटन धरू. याचा अर्थ, तार आणि पाते यांच्यातील हालचाल २० मायक्रॉनपर्यंत असेल तर तार चिकटून राहते आणि नुसती स्प्रिंगसारखी वागते. २० च्या पुढे ती सरकते, आणि सरकते तेव्हाच उष्णता होते. ताठरतेचा आकडा प्रत्येक मशीनचा वेगळा असतो, येथे तो फक्त हिशेबासाठी घेतला आहे.

आता पाते तारेच्या जागी ४० मायक्रॉनने हलते आहे असे समजा. दर आवर्तनात खर्ची पडणारी ऊर्जा म्हणजे सरकण्याच्या बलाची चौपट गुणिले सरकलेले अंतर. सरकलेले अंतर ४० वजा २० म्हणजे २० मायक्रॉन, ऊर्जा ०.०१६ ज्यूल. १५० हर्ट्झला हे सुमारे २.४ वॉट होतात. आकडा क्षुल्लक वाटतो, पण एका पात्याला आवर घालण्याच्या दृष्टीने तो मोठा आहे.

सरकण्याचे बल निम्मे केले, म्हणजे १०० न्यूटन, तर तार १० मायक्रॉनलाच सुटते आणि ऊर्जा ०.०१२ ज्यूल होते. चौथा हिस्सा गेला, तीन हिस्से उरले. बल दुप्पट केले, म्हणजे ४०० न्यूटन, तर तार ४० मायक्रॉनपर्यंत सुटतच नाही, आणि ऊर्जा शून्य होते. प्रत्यक्षात कडांच्या सूक्ष्म सरकण्यातून काही थेंब मिळतात, पण ते थेंबच. अवमंदन गेले की पाते जास्त हलू लागते, आणि ४० च्या पुढे गेल्यावर तार पुन्हा सुटते हेही खरे. मात्र तोपर्यंत रूटवरचा ताण जिथे जायला नको होता तिथे पोहोचलेला असतो.

कोरड्या घर्षणासह होणाऱ्या सक्तीच्या कंपनांचे गणित जे. पी. डेन हार्टोग यांनी १९३१ मध्ये मांडले होते, आणि टर्बाइनच्या पात्यासाठी दाबबलाची एक सर्वोत्तम किंमत असते हे जे. एच. ग्रिफिन यांनी १९८० च्या सुमारास स्पष्ट केले. पुस्तकांतील आलेखावर ही सर्वोत्तम किंमत एका दरीच्या तळाशी असते, आणि दोन्हीकडचे चढ वाचकाला सारखेच वाटतात. वरच्या हिशेबात मात्र ते सारखे नाहीत. सैल बाजूला अवमंदन हळूहळू कमी होते. घट्ट बाजूला ते कड्यावरून कोसळल्यासारखे जाते. कोकणातील हवा, खाडीचे पाणी आणि चार महिन्यांचा पाऊस हे तिन्ही मिळून सांधा घट्ट बाजूला ढकलतात. माझ्या मते किनाऱ्यावरील मशीनांत तडा परत येण्याचे सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे, आणि पाते बदलून ते जात नाही, कारण पाते बदलणारे हात बहुधा तीच तार, त्याच रीतीने, पुन्हा ओवतात.

उघडल्यावर आधी काय करू नये

रोटर बाहेर आला की त्याला ब्लास्टिंगला, म्हणजे कणांच्या माऱ्याने साफ करायला, देण्याची घाई असते. ठेकेदाराचे माणूस आणि मशीन दारात उभे असते, आणि स्वच्छ रोटरचे फोटो अहवालात बरे दिसतात. ब्लास्टिंग झाले की तारेच्या भोकातील, दातांच्या कडेवरील आणि प्लॅटफॉर्मखालील सगळी साक्ष पुसली जाते, आणि उरतो तो फक्त तडा, जो कशामुळे आला हे स्वतः सांगत नाही. निदान तक्रारीच्या टप्प्यापुरते तरी ब्लास्टिंग थांबवावे, प्रत्येक खाचेला क्रमांक द्यावा, आणि आहे त्या अवस्थेत जवळून, तिरप्या उजेडात फोटो घ्यावेत.

नंतर लाल भुकटीकडे वळावे. कोकणात लाल रंगाचे कोणाला काहीच वाटत नाही, आणि अडचण तिथेच आहे. रूटभोवती दिसणारी लाल भुकटी तीन प्रकारची असू शकते. पहिली जांभ्याची धूळ, जी रोटर ठेवलेल्या शेडमध्ये उघड्या दारातून येते. ती सगळीकडे सारखी बसते, बोटाला खरखरीत लागते आणि पाण्याने तिचा चिखल होतो. दुसरा साधा गंज, जो पापुद्र्यांनी सुटतो, उघड्या पृष्ठभागांवरही असतो आणि त्याच्याखाली खड्डे दिसतात. तिसरी फ्रेटिंगची भुकटी. ही काव कुटल्यासारखी अतिशय बारीक असते, आणि महत्त्वाचे म्हणजे ती फक्त संपर्काच्या कडेने, एखाद्या रेघेसारखी बाहेर आलेली असते. पोलाद पोलादावर काही मायक्रॉनने घासले की सुटलेले कण लगेच ऑक्सिडाइझ होतात आणि ही भुकटी तयार होते. शंका असेल तर भुकटी डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात हलवून, गाळून, त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. पांढरा साका आला तर क्लोराइड आहे. क्लोराइड सापडले म्हणून फ्रेटिंग नाही असे मात्र ठरत नाही. खाडीकाठी दोन्ही एकत्रच नांदतात.

ओव्हरहॉल रजिस्टरमध्ये ‘रूटवर किरकोळ गंज, साफ केला’ ही नोंद मी अनेकदा वाचली आहे. ती वाचली की मी भोकांचे फोटो मागतो.

रूट आणि भोक एकत्र वाचावे

तडा रूटच्या कडेवर आला म्हणून चौकशी रूटमध्येच संपवणे हीच मुख्य चूक आहे. तार घट्ट झाली तरी पाते जास्त हलते, तार सैल झाली तरी जास्त हलते, आणि दोन्ही वेळा रूटच्या वरच्या दाताच्या कडेला तीच बारीक लाल रेघ आणि तोच तडा दिसतो. परस्परविरुद्ध कारणांचे रूटवरील लक्षण एकच असल्यामुळे रूट पाहून उपाय ठरवणे म्हणजे नाणे उडवण्यासारखे आहे. फरक दिसतो तो भोकात.

तार काढताना ती कशी निघते हे आधी टिपावे. हाताने ओढून सरकली, की पेनिट्रेटिंग ऑइल टाकून ठोकावी लागली? ठोकावी लागली तर कोणत्या पात्यापासून कोणत्या पात्यापर्यंत? फिटर लोक हे काम करताना मनातल्या मनात हा हिशेब ठेवतच असतात. त्यांना विचारणारे कोणी नसते एवढेच. ज्या कारखान्याचा उल्लेख वर केला तेथील एका जुन्या फिटरने तार अडकलेल्या पात्यांवर खडूने फुल्या मारून ठेवल्या होत्या, आणि तडा गेलेली पाती त्या फुल्यांच्या पट्ट्यातच होती. धातूच्या चाचणीच्या सगळ्या अहवालांपेक्षा त्या खडूच्या फुल्या अधिक बोलक्या होत्या.

मग भोकाच्या बाहेरच्या बाजूची, म्हणजे तार दाबली जाते त्या बाजूची भिंत भिंगाखाली पाहावी. पूर्ण रुंदीभर चकचकीत, घासलेला पट्टा आणि तारेवर जुळणारा चपटा भाग असेल तर तार नीट सरकत होती. पट्टा खोल असेल, भोक अंडाकृती झाले असेल आणि तार मोजमापात बारीक भरत असेल तर ती सैल बाजूला गेलेली आहे. मध्यभाग मंद, फक्त कडेने चकाकी आणि तिच्यालगत तांबूस रेघ असेल तर संपर्काचा मध्य चिकटून राहिला आणि कडाच सरकल्या. अशी वलये का पडतात याचे गणित माइंडलिन यांनी १९४९ मध्ये केले आहे. आणि चकाकी मुळीच नसेल, भोक आणि तार यांच्यामधली फट काळपट-तपकिरी थराने भरून आलेली असेल, तर तार अडकली होती. अशा भोकात तार होती खरी, पण अवमंदन नव्हते.

रूटच्या दातांवरही एक गोष्ट पाहण्यासारखी असते. दाताच्या संपर्कपट्टीची रुंदी खाचेच्या दोन्ही टोकांना सारखी नसेल, किंवा वरच्या दातावर पट्टी ठळक आणि खालच्यावर फिकी असेल, तर पाते नीट बसलेले नव्हते. मागच्या ओव्हरहॉलला खाचेत राहिलेला गंजाचा पापुद्रा एवढे करायला पुरतो. मग सगळा भार वरच्या दातावर येतो, आणि तडा नेमका तिथेच येतो. फ्रेटिंगने खरवडलेल्या कडेची थकवा सोसण्याची ताकद निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते, तेव्हा या दोन गोष्टी एकत्र आल्या तर धातू कितीही चांगला असला तरी वाचत नाही.

तड्यासाठी डाय पेनिट्रंटवर एकट्यावर विसंबू नये. फ्रेटिंगची भुकटी तड्यात ठासून बसलेली असली तर रंग आत शिरत नाही आणि तडा दिसत नाही. चुंबकीय पोलादावर ओल्या फ्लुओरेसंट कणांची तपासणी अधिक भरवशाची आहे, आणि पाते न काढता खाचेतला दात पाहायचा असेल तर फेज्ड ॲरे अल्ट्रासोनिक लागते.

क्षार येतात कोठून

क्लोराइड सापडले तर त्याचा माग कंडेन्सरपर्यंत काढावा. खाडीचे पाणी नळ्यांतून वाहते आणि नळ्यांबाहेर निर्वात असतो, त्यामुळे एका नळीला सुईएवढे छिद्र पडले तरी पाणी कंडेन्सेटमध्ये ओढले जाते, तेथून बॉयलरमध्ये आणि वाफेबरोबर पुन्हा टर्बाइनमध्ये येते. खाडीच्या पाण्याचा खारटपणा वर्षभर सारखा नसतो. श्रावणात नदीचा लोंढा उतरतो तेव्हा तीच गळती निरुपद्रवी वाटते, आणि एप्रिल-मे मध्ये भरतीच्या वेळी तीच गळती कॅटायन कंडक्टिव्हिटीच्या (पाण्यातील क्षार दाखवणाऱ्या वाहकतेच्या) आलेखावर उसळी मारते. म्हणून गळती शोधायची तर उन्हाळ्यातील भरतीच्या वेळेचे आलेख काढून पाहावेत. पावसाळ्यातला शांत आलेख पाहून कंडेन्सर निर्दोष ठरवू नये.

वाफ टर्बाइनमध्ये जिथे पहिल्यांदा ओलसर होते त्या टप्प्याजवळ हे क्षार सर्वांत दाट साचतात. आधीच्या टप्प्यांत वाफ कोरडी असते, नंतरच्या टप्प्यांत पाणी इतके असते की क्षार धुतले जातात. मधल्या पट्ट्यात ते तारेच्या भोकात आणि रूटच्या फटीत बसतात. आपला तडा गेलेला टप्पा या पट्ट्यात पडतो का, हे उष्णता-संतुलनाच्या कागदावरून दहा मिनिटांत कळते, आणि ती दहा मिनिटे फारशी कोणी खर्च करत नाही.

चालू मशीनमध्ये हा थर त्रास देतो, पण खरा चिकटा बसतो तो मशीन बंद असताना. मीठ हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून स्वतः विरघळते. समुद्राच्या मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेला ओलसर होते. रत्नागिरीत पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहणे ही नित्याची गोष्ट आहे. मृग लागल्यावर मशीन बंद करून, केसिंग थंड होऊ देऊन, तसेच महिनाभर ठेवले तर तारेच्या भोकात मीठ, पाणी आणि लोखंड यांना एकमेकांशिवाय दुसरे काम नसते. बंद काळात केसिंगमधून कोरडी हवा फिरवून आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवण्याची सर्वमान्य शिफारस आहे, आणि किनाऱ्यावर ती पाळण्याचा खर्च एका पात्याच्या किमतीपुढे काहीच नाही. दुपारी सुटणारे खारे वारे टर्बाइन हॉलच्या उघड्या शटरमधून थेट उघड्या रोटरवर येतात, तेव्हा रोटर झाकून ठेवण्यासारखी साधी गोष्टही येथे मोलाची ठरते. शटडाऊन गणपतीच्या तोंडावर धरू नये हे तर उघडच आहे: अर्धे फिटर गावी जातात, रोटर उघडा पडून राहतो, आणि तोही भर भाद्रपदात.

टिचकीची चाचणी

पात्याला हलकी टिचकी मारून वारंवारता मोजणे सोपे आहे, पण ती तीन अवस्थांत मोजावी: तार आहे तशी, तार काढून, आणि नवी तार ओवून. रूट खाचेत लोंबकळत असेल तर आकडा खोटा, खालचा येतो. म्हणून रूटखाली शिम (धातूची पातळ पट्टी) ठोकून दात त्यांच्या काम करणाऱ्या बाजूवर बसवूनच टिचकी मारावी.

उभ्या रोटरवर एका पात्याची वारंवारता १४० हर्ट्झ आली असे धरा. फिरताना अपकेंद्री बलाने पाते ताठरते आणि वारंवारता चढते: उभ्या वारंवारतेचा वर्ग अधिक सेकंदाला होणाऱ्या फेऱ्यांच्या वर्गाची दोनेक पट, यांचे वर्गमूळ. ५० फेऱ्यांना ते सुमारे १५७ येते, म्हणजे तिसऱ्या पटीच्या १५० पासून जेमतेम साडेचार टक्के दूर. उभी वारंवारता १४० वरून १३२ वर घसरली तर चालू मशीनमध्ये ती नेमकी १५० वर येऊन बसते. भोक झिजणे, तार तुटणे, रूट सैल बसणे यांतले काहीही आठ हर्ट्झ खाऊ शकते. उलट तार अडकली तर शेजारची पाती एकमेकांना बांधली जातात, वारंवारता वर जाते आणि २०० च्या दिशेने सरकते. कोणता धोका जवळचा हे आपल्या पात्याच्या आकड्यांवर अवलंबून आहे. ग्रिडला जोडलेल्या मशीनचा वेग ५० हर्ट्झच्या आसपास खिळलेला असतो, त्यामुळे एकदा अनुनादावर बसलेले पाते तिथेच बसून राहते. १५० हर्ट्झला एक कोटी आवर्तने साडेअठरा तासांत पूर्ण होतात. कंप्रेसर फिरवणाऱ्या, बदलत्या वेगाच्या टर्बाइनमध्ये पाते अनुनादातून जाते-येते, पण लॉगबुकात एकाच वेगावर बराच काळ चाललेले तास सापडले तर तो वेग कॅम्पबेल आकृतीवर टाकून पाहावा.

उपाय, आणि उपाय म्हणून केले जाणारे अपाय

तार अडकलेली आढळली तर तार, भोके आणि रूट गरम डीएम पाण्याने धुवावीत, धुतलेल्या पाण्यात क्लोराइड उरले नाही याची खात्री करावी, आणि त्यानंतरच यांत्रिक साफसफाई करावी. खाचेच्या दातांवर एमरी पेपर घासू नये. कडेची गोलाई बदलते आणि तडा सुरू व्हायला नवी जागा मिळते. कंडेन्सरची गळती बंद झाल्याशिवाय हे सगळे तात्पुरते आहे.

तार बारीक किंवा भोक मोठे झाले असेल तर मूळ व्यासाची, मूळ धातूची तार घालावी. येथे किनाऱ्यावरची एक खास चूक होते. गंज लागू नये म्हणून कोणीतरी पोलादी तारेऐवजी टायटॅनियमची तार सुचवतो. टायटॅनियमला खाऱ्या पाण्याचे भय नाही हे खरे. पण त्याची घनता पोलादाच्या साधारण ५६ टक्के असते, त्यामुळे त्याच व्यासाच्या तारेचे दाबबल ६५० वरून सुमारे ३७० न्यूटनवर येते, आणि घर्षणांकही बदलतो. काही टप्पे मुळातच टायटॅनियम तारेसाठी आखलेले असतात, त्यांत ती योग्यच आहे. आखणी पोलादाची असेल तर उत्पादकाकडून व्यासाचा नवा हिशेब घेतल्याशिवाय धातू बदलू नये.

दुसरा अपाय म्हणजे ‘तार खडखडते’ म्हणून ती पात्यांना ब्रेझ करून (झाळून) टाकणे. सैल ठेवण्यासाठी आखलेली तार ब्रेझ केली की ती पाती बांधते, घासत नाही, आणि भोकाच्या कडेला उष्णतेने बिघडलेला धातू मिळतो तो वेगळा. ड्रॉइंगवर तार ब्रेझ दाखवली असेल तरच ब्रेझ करावी.

तिसरा अपाय अँटी-सीझचा. पाते पुढच्या वेळी सहज निघावे म्हणून रूटवर आणि तारेवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा लेप चोपडला जातो. तो घर्षणांक खाली आणतो, म्हणजे आपण मोजूनमापून ठेवलेले सरकण्याचे बल कोणाच्याही हिशेबात न येता बदलते. शिवाय हा लेप कोरड्या हवेत जितका चांगला, तितका दमट हवेत नसतो. ओलाव्यात त्याचे घर्षण वाढते आणि झीजही. उत्पादकाने नाव घेऊन सांगितलेला लेप, सांगितलेल्या जागीच लावावा.

उरण किंवा अंजनवेलसारख्या समुद्रालगतच्या गॅस टर्बाइनवर काम करणाऱ्यांना हाच विचार कंप्रेसरच्या डव्हटेल रूटला आणि टर्बाइनच्या प्लॅटफॉर्मखालील डॅम्परला लावता येईल. कंप्रेसरमध्ये मीठ हवेतून येते, म्हणून तेथे प्रश्न इनटेक फिल्टरचा आणि वॉशिंगचा असतो. डॅम्परचे तुकडे बदलताना प्रत्येकाचे वजन करावे: ३० ग्रॅमचा डॅम्पर ०.५ मीटर त्रिज्येवर ३००० फेऱ्यांना सुमारे १४८० न्यूटनने दाबतो, आणि झिजून तीन ग्रॅम गेले तर दाबही दशांशाने गेला. फेरे जास्त असलेल्या मशीनमध्ये हे आकडे वेगाच्या वर्गाने चढतात.

पाती बदलायचीच असतील तर एक-दोन नवी पाती जुन्यांत मिसळण्याआधी त्यांची वारंवारता शेजाऱ्यांशी ताडून पाहावी. पाती एकसारखी नसली की कंपनाची ऊर्जा एखाद्याच पात्यात गोळा होऊ शकते. डी. एस. व्हाइटहेड यांनी १९६६ मध्ये या वाढीची वरची मर्यादा काढली, एक अधिक पात्यांच्या संख्येचे वर्गमूळ, त्याचे निम्मे. ६४ पात्यांच्या चकतीसाठी ती साडेचार पट येते. एवढी वाढ प्रत्यक्षात क्वचितच होते, पण बदललेल्या पात्याच्या शेजारचे पाते पुढच्या वेळी का जाते याचे उत्तर कधी कधी येथे सापडते.

बंद करण्याआधी प्रत्येक खाचेचा क्रमांक, त्यातील पात्याची वारंवारता, भोकाचा व्यास, तारेच्या प्रत्येक तुकड्याचे वजन आणि तार हाताने सरकली की नाही, हे एका तक्त्यात लिहून ठेवावे. पुढच्या ओव्हरहॉलला तडा आला आणि तो पुन्हा संपर्काच्या कडेलाच, तांबूस रेघेलगत सुरू झालेला असेल, तर तक्त्यातील त्या खाचांपासून सुरुवात करावी. तडा पात्याच्या पायथ्याशी, संपर्कापासून दूर, स्वच्छ धातूवर सुरू झालेला असेल तर घर्षणाचा सांधा आपले काम करतो आहे असे धरून समोरच्या डायफ्रॅमकडे (नोझले बसवलेल्या स्थिर चकतीकडे) वळावे: वरचा आणि खालचा अर्धा जिथे जुळतो त्या सांध्यावर नोझलांमधील अंतर बिघडले आहे का, एखादे नोझल वाकले किंवा क्षारांनी बुजले आहे का, आणि पात्याला फेऱ्यामागे मिळणारा धक्का तेथून येतो आहे का.